बांगड्याच्या पोटातलं प्लास्टिक ताटात किती येतं?

माशांत मायक्रोप्लास्टिक सापडल्याची बातमी आली की दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. माशाच्या शरीरात प्लास्टिकचे कण किती आणि नेमके कुठे आहेत, हा पहिला. प्लास्टिकमधली किंवा प्लास्टिकला चिकटलेली रसायनं माशाच्या मांसात, आणि तिथून खाणाऱ्याच्या शरीरात, किती उतरतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मासा कोणता आणि त्याचा कोणता भाग खाल्ला यावर ठरतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पोटातल्या कणांपेक्षा भलतीकडेच सापडतं. हे दोन प्रश्न सुटे केले की घाबरून मासे सोडण्याचं कारण उरत नाही. मात्र सुका जवळा (बारीक कोळंबी), तिसऱ्या (शिंपले) आणि मासे कापायचा प्लास्टिकचा पाट यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

कण येतात कुठून

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्प्सन यांच्या गटाने २००४ मध्ये समुद्राच्या पाण्यातले आणि गाळातले असे तुकडे दाखवून दिले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; त्याच्याही खाली गेलेल्या कणांना नॅनोप्लास्टिक म्हणतात. ही मापं लक्षात ठेवायला हवीत. ३ मिलिमीटरचा तुकडा माशाच्या आतड्यातून निघून जातो, ३ मायक्रोमीटरच्या कणाचं तसं सांगता येत नाही.

काही कण कारखान्यातूनच लहान निघतात. प्लास्टिकच्या वस्तू बनवायला कच्चा माल म्हणून छोटे गोल दाणे वापरतात. २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळून बुडालं तेव्हा असे सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर त्यांचे थर साचले. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हाही तिरुवनंतपुरमकडच्या किनाऱ्यावर हेच दाणे वेचावे लागले. पण समुद्रातले बहुतेक कण मोठ्या वस्तू तुटून बनतात: पिशव्या, बाटल्यांची झाकणं, थर्माकोल, दोऱ्या, जाळी. त्यात कपड्यांचे धागे आणि रस्त्यावर झिजणारे टायर यांची भर पडते. प्लिमथच्याच २०१६ च्या प्रयोगात ॲक्रिलिक कपड्यांच्या ६ किलोच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक धागे सुटू शकतात असा हिशेब निघाला.

प्लास्टिक तुटतं ते मुख्यतः उन्हाने. अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होऊन भेगाळतो आणि लाटा-वाळूच्या घर्षणाने त्याचा चुरा होतो. खोल, थंड, अंधाऱ्या पाण्यात हे फार हळू घडतं. तापलेल्या वाळूवर झपाट्याने. म्हणून किनाऱ्यावर पडलेली पिशवी आणि दोरीचा गुंता अख्खा असतानाच उचलणं याला खरी किंमत आहे. चुरा झाल्यावर तो गोळा करणं फार कठीण होतं. नद्यांमधून येणाऱ्या प्लास्टिकच्या २०२१ च्या जागतिक अंदाजात आपली उल्हास नदी अगदी वरच्या क्रमांकांत आहे. पावसाळ्यात भरतीच्या लाटा मुंबईच्या किनाऱ्यावर जो कचरा परत आणून टाकतात, त्यातला मोठा भाग नद्या-नाल्यांतूनच गेलेला असतो.

कोणतं प्लास्टिक कोणत्या माशापर्यंत पोचतं हे त्याच्या घनतेवर ठरतं. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५ असते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलकी, म्हणून पिशव्या, झाकणं, दोऱ्या तरंगतात. नायलॉन १.१४ च्या आसपास आणि बाटल्यांचं व पॉलिस्टर कापडाचं पीईटी १.३८, त्यामुळे जाळ्याचे तुकडे आणि कपड्यांचे धागे तळाकडे जातात. तरंगणारं प्लास्टिकही कायम वर राहत नाही. त्यावर शेवाळ आणि जीवजंतू वाढले की जड होऊन तेही बुडतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने साळ नदीच्या मुखाशी केलेल्या अभ्यासात पाणी, गाळ आणि त्यात राहणारे मासे-शिंपले, सगळ्यांत मायक्रोप्लास्टिक मिळालं, ते यामुळेच.

मासा गिळतो कसा

बांगडा आणि तारली यांच्या कल्ल्यांच्या कमानीवर लांब, दाट काटे असतात. तोंड उघडं ठेवून पोहताना त्यांतून पाणी गाळलं जातं आणि आतले सूक्ष्मजीव अडकतात. त्याच आकाराचा प्लास्टिकचा कणही अडकतो. माशाला निवड करायला फारसा वाव नसतो. बोंबील जवळ्यावर जगतो, म्हणून जवळ्याने गिळलेलं त्याच्या पोटात उतरतं. तिसऱ्या, कालवं, शिणाणे हे शिंपले एका जागी राहून दिवसभर पाणी गाळतात. खेकडा आणि कोळंबी तळाच्या गाळात चरतात, आणि जड धागे पडलेले असतात तेही तिथेच.

गिळलेलं सगळं साठत मात्र नाही. बरेचसे कण काही तासांत किंवा दिवसांत विष्ठेतून बाहेर पडतात. म्हणजे पोट उघडून मोजलेला आकडा हा त्या दिवशीच्या खाण्याचा असतो, आयुष्यभराचा नव्हे. लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना पारा वाढत जातो तसे हे कण वाढत जातात, याचा पुरावा कमजोर आहे.

केरळच्या किनाऱ्यावर पकडलेल्या ९ जातींच्या २७० माशांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यासाठी सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यात खाण्याचा भाग आणि टाकायचा भाग वेगळा तपासला गेला. कल्ले आणि आतडी यांत ४१ टक्के माशांमध्ये कण सापडले. मांस आणि कातडीत फक्त ७ टक्के माशांमध्ये. ‘निम्म्या माशांत प्लास्टिक’ छापाचे मथळे बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या आकड्यावर बेतलेले असतात. इंडोनेशियातल्या मकासरच्या बाजारात २८ टक्के आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात २५ टक्के माशांत मानवनिर्मित कण मिळाले, तो २०१५ चा गाजलेला अभ्यासही पोट-आतड्यांचाच होता. त्यातला एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मकासरला तुकडे होते, कॅलिफोर्नियात बहुतांश धागे. किनाऱ्यावर कचरा कसा हाताळला जातो आणि सांडपाणी कुठे सोडलं जातं, ते माशाच्या पोटात असं दिसतं.

कण मांसात सहज का पोचत नाहीत? युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सगळा उपलब्ध पुरावा तपासला. १५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण आतड्याची भिंत ओलांडत नाहीत, त्याहून लहान असलेल्यांपैकीही फार थोडे ओलांडतात, आणि अवयवांत खोलवर जाऊ शकतात ते साधारण १.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अडचण अशी की नेमके तेच कण मोजायला सर्वांत कठीण आहेत.

मोजणी आणि तिच्यातल्या चुका

प्रयोगशाळेत माशाचं आतडं किंवा मांस १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवतात. द्रावण मांसाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त घेतात आणि ६० अंश सेल्सियसला २४ ते ४८ तास ठेवतात. मांस विरघळतं, बहुतेक प्लास्टिक टिकतं. घाईसाठी तीव्र नायट्रिक आम्ल वापरलं तर नायलॉनही विरघळतं, आणि आपल्याकडे जाळी नायलॉनची असल्याने नेमका महत्त्वाचा भागच हिशेबातून जातो. वाळू-गाळ वेगळा करायला मिठाचं संपृक्त पाणी वापरतात. ते स्वस्त आणि निर्धोक आहे, पण त्याची घनता १.२, पीईटी आणि पीव्हीसी त्यात बुडतात आणि मोजले जात नाहीत. त्यांच्यासाठी झिंक क्लोराइड किंवा सोडियम आयोडाइडचं जड द्रावण लागतं.

मग गाळणी कागद सूक्ष्मदर्शकाखाली जातो. नुसत्या डोळ्यांनी ओळखण्यात चुका फार होतात. रंगवलेला सुती धागा प्लास्टिकसारखाच दिसतो. तापलेली सुई लावून वितळतं का बघणं ही कच्ची कसोटी आहे. पक्की ओळख इन्फ्रारेड किंवा रामन वर्णपटाने, म्हणजे कण प्रकाश कसा शोषतो किंवा विखुरतो ते पाहून, होते. इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शक साधारण १० ते २० मायक्रोमीटरपर्यंत उतरतो, रामन १ मायक्रोमीटरच्या आसपास. त्याखालचं वजन मोजायला नमुना हवेशिवाय खूप तापवून त्यातून निघणारे वायू तपासण्याची पद्धत आहे, पण तिथे चरबी घोळ घालते. मेदाम्लं तापली की पॉलिथिलीनसारखेच तुकडे देतात, त्यामुळे चरबी नीट काढली नसेल तर नसलेलं प्लास्टिकही आकड्यात दिसतं. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशात ही चूक सहज होते.

याहून मोठी गडबड हवेची. खोलीतल्या हवेत कपड्यांचे, पडद्यांचे धागे सतत पडत असतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत सुती कोट घालतात, काचेची भांडी वापरतात, आणि माशाशिवाय रिकामी बशी शेजारी ठेवून तीत किती धागे पडले ते मोजून वजा करतात. अभ्यासात अशा कोऱ्या चाचणीचा उल्लेख नसेल तर त्यातल्या धाग्यांच्या आकड्यावर विसंबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हीच गोष्ट जेवणाच्या ताटालाही लागू आहे. स्कॉटलंडमधल्या २०१८ च्या अभ्यासाने ब्रिटनमधल्या माणसाच्या पोटात शिणाण्यांमधून वर्षाला सरासरी १२३ कण जातात असा अंदाज काढला. त्याच अभ्यासात घरी जेवताना ताटावर पडणाऱ्या धुळीतून जाणारे धागे वर्षाला १३ हजार ते ६८ हजार निघाले. आणि ‘माणूस आठवड्याला ५ ग्रॅम, म्हणजे एका बँक कार्डाएवढं प्लास्टिक खातो’ हा २०१९ पासून फिरणारा दावा? २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कणांचे खरे आकार आणि वजनं धरून हिशेब केला तेव्हा मोठ्या माणसासाठी मधला आकडा आठवड्याला सुमारे ४ मायक्रोग्रॅम आला. दोन आकड्यांत दहा लाखांहून अधिक पटींचा फरक आहे. कार्डाची उपमा वापरणं आता थांबवायला हवं.

रसायनांचा हिशेब

प्लास्टिकमध्ये दोन प्रकारची रसायनं असतात. पहिली बनवतानाच घातलेली: पीव्हीसी मऊ करणारी थॅलेट, आग रोखणारी ब्रोमिनची संयुगं, रंग, ऊन सोसण्यासाठीची द्रव्यं. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, पॉलिकार्बोनेटच्या आणि डब्यांच्या आतल्या लेपाच्या कच्च्या मालातून शिल्लक राहतं. दुसरी समुद्रात चिकटलेली: पीसीबी ही जुनी औद्योगिक रसायनं, डीडीटी हे कीटकनाशक आणि त्याचे अवशेष. ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलकट पदार्थात मात्र मुरतात, आणि प्लास्टिक हा तेलकट स्वभावाचा पदार्थ आहे. प्लास्टिकच्या डब्यात आमटी ठेवली की हळदीचा पिवळा डाग घासूनही जात नाही, त्यामागचं कारण हेच. जपानच्या हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की समुद्रात तरंगणाऱ्या दाण्यांवर पीसीबी भोवतालच्या पाण्यापेक्षा १ लाख ते १० लाख पटींपर्यंत साचतं.

हा आकडा ऐकून धडकी भरते, आणि इथेच बहुतेक लेख थांबतात. पण पाण्यात मुळात पीसीबी इतकं कमी असतं की १० लाख पटीनंतरही दाण्यावरची मात्रा मायक्रोग्रॅममध्येच मोजावी लागते. शिवाय मासा जे सूक्ष्मजीव, जवळा, लहान मासे खातो, त्यांच्या चरबीतही तीच रसायनं आधीपासून मुरलेली असतात, आणि माशाच्या खाण्यात प्लास्टिकपेक्षा या जीवांचं वजन कितीतरी जास्त असतं. रसायन जास्त मात्रेकडून कमी मात्रेकडे सरकतं. मासा आधीच दूषित असेल तर स्वच्छ प्लास्टिक त्याच्या आतड्यातून उलट थोडं रसायन ओढूनही घेऊ शकतं. युरोपियन प्राधिकरणाने सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरून हिशेब केला: २२५ ग्रॅम शिणाण्यांत ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक, आणि त्यातलं सगळं रसायन शरीरात उतरलं. तरी माणसाच्या एकूण पीसीबीत त्यामुळे पडणारी भर ०.००६ टक्क्यापेक्षा कमी, बीपीएत २ टक्क्यांपेक्षा कमी.

म्हणून माशातलं पीसीबी ही खरी समस्या असली तरी ती जुन्या औद्योगिक प्रदूषणाची आणि अन्नसाखळीची समस्या आहे. मोरी, मुशी आणि मोठ्या शिकारी माशांतला पाराही तसाच. त्याचा प्लास्टिकशी संबंध नाही, पण गरोदर बाईने आणि लहान मुलांनी हे मासे कमी खावेत हा सल्ला मायक्रोप्लास्टिकच्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा जास्त पक्क्या पुराव्यावर उभा आहे.

माशांसाठी मात्र प्लास्टिकची रसायनं निरुपद्रवी म्हणता येणार नाहीत. २०१३ मध्ये जपानी मेदाका माशांना दोन महिने प्लास्टिक मिसळलेलं खाद्य दिलं. सॅन दिएगोच्या उपसागरात तीन महिने ठेवलेलं प्लास्टिक खाणाऱ्यांच्या यकृतात बिघाड दिसला, कोरं प्लास्टिक खाणाऱ्यांत तो कमी होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सॅमन पटापट मरत होते. २०२० मध्ये त्याचं कारण सापडलं: टायर टिकावेत म्हणून रबरात घातलेल्या रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे बनणारं ‘६पीपीडी-क्विनोन’.

माणसाच्या शरीरात बीपीए आणि थॅलेट पोचतात ती मुख्यतः वेष्टनातून, डबाबंद अन्नातून, धुळीतून. बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा युरोपने २०२३ मध्ये २० हजार पटींनी खाली आणली. कडक उन्हात ठेवलेला डबाबंद मासा किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरलेलं उकळतं कालवण यांचा हिशेब बांगड्याच्या पोटातल्या धाग्याआधी मांडायला हवा.

विळीवर आणि चुलीवर

बांगडा साफ करताना कल्ल्याखाली बोट घालून कल्ले आणि आतडी एकत्र ओढून काढा, पोटाची आतली काळी पातळ त्वचा खरवडा, मणक्यालगतचं रक्त काढा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. आतडं फोडू नका. फुटलं तर त्यातलं सगळं मांसाला लागतं. तुकडे केल्यावर पुन्हा एकदा धुणं इथे उपयोगी आहे, त्याचं कारण पाट. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ मध्ये झालेल्या तपासणीत प्लास्टिकच्या पाटावर कापलेल्या मासे-मांसात पाटाचंच पॉलिथिलीन सापडलं. मिनिटभर धुतल्यावर ते कमी झालं, पूर्ण गेलं नाही. घरी विळी वापरत असाल तर हा प्रश्नच नाही. बाजारात लाकडी ओंडक्यावर कापून मागा. खरवडून पांढरा भुगा निघणारा पाट बदलायलाच हवा.

कोळंबीचं डोकं आणि पाठीतला काळा दोरा काढला की तिचं बहुतेक पचनसंस्थान गेलं. मांदेली आणि पेडवे लहान असले तरी डोकं मोडताना आतडं सोबत येतं. ते तसंच ओढून टाका. तिसऱ्या आणि शिणाणे आतड्यासकट खाल्ले जातात, तिथे साफ करण्याजोगं काही नाही. वाळू सुटावी म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवतोच. ते पाणी दोन-तीनदा बदललं तर काही कणही निघतात, सगळे नाहीत. सांडपाण्याच्या नाल्याजवळच्या खाडीतले शिंपले टाळावेत. तिथे प्लास्टिकपेक्षा जंतूंचा धोका मोठा आहे.

सुक्या मासळीचं गणित निराळं. मलेशियातल्या २०१७ च्या अभ्यासात चार जातींपैकी दोन जातींच्या साफ केलेल्या सुक्या मांसात आतड्यांपेक्षा जास्त कण निघाले. मांसावर ते बाहेरून बसले असणार: खारवताना, वाळवताना, पोत्यात भरताना. बांबूंवर उंच टांगलेले बोंबील आणि जमिनीवर जुन्या जाळ्यावर पसरलेला जवळा यांत म्हणून फरक पडतो. जवळा आधी चाळा, मग पाच मिनिटं पाण्यात सोडून हाताने घुसळा, वरचं पाणी ओता, पुन्हा एकदा करा, आणि मगच भाजा. भाजून किंवा शिजवून प्लास्टिक नाहीसं होत नाही.

आरोग्याबद्दल पुरावा अजून अर्धा आहे. इटलीत २०२४ मध्ये मानेच्या रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर काढलेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन मिळालं. त्या गटात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. हा संबंध आहे. कारण सिद्ध झालेलं नाही, आणि ते प्लास्टिक माशातून आलं असं तर कोणीच म्हटलेलं नाही. भारतात माशातल्या मायक्रोप्लास्टिकची मर्यादा ठरलेली नाही. ती ठरवण्याआधी मोजण्याची एकच पद्धत पक्की व्हावी म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये लखनौ, कोची आणि पिलानीच्या संस्थांना सोबत घेऊन काम सुरू केलं आहे.

बंदरावर करण्याजोगं काम मात्र आत्ताही स्पष्ट आहे. जाळं विणताना-सांधताना कापलेले नायलॉनचे तुकडे धक्क्यावरच पडतात आणि पहिल्या पावसात पाण्यात जातात. शेजारी बादली ठेवली तर ते तिथेच थांबतात. ट्रॉलरच्या जाळ्यात मासळीबरोबर येणारं प्लास्टिक सहसा परत समुद्रात टाकलं जातं. केरळमध्ये कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरावर २०१७ पासून बोटींवर पिशव्या दिल्या गेल्या, ते प्लास्टिक धक्क्यावर उतरवून घेतलं गेलं, स्थानिक महिलांनी ते निवडून धुतलं, यंत्रात त्याचे तुकडे केले आणि ते डांबरी रस्त्यांसाठी वापरलं. ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा, मालवण या बंदरांवर हे सुरू करायला लागणारी सामग्री इतकीच आहे: बोटीवर पोती, धक्क्यावर छप्पर आणि पाणी, तुकडे करणारं एक यंत्र, आणि निवडणाऱ्या बायकांना नियमित मजुरी.